गुरुवारी बंद असणारा बाजार

“अख्खं हैदराबाद मोबाईलात घेऊन बसलीय पोरगी, पण रिक्षावाल्याला थांब म्हणायचं झालं तर तिला ताप भरतो.”

हे काकू शेजारच्या इंदूमावशींना सांगत होती. दोघी शेडमध्ये झेंडूच्या प्लास्टिकच्या जाळ्या भरत होत्या, आणि मी शेडच्या पत्र्यामागे, चार्जरची वायर पोचते तेवढ्याच अंतरावर, उकिडवी बसून खरोखरच हैदराबाद बघत होते.

“इंग्लिश मिडियमची ना ती?” इंदूमावशींनी विचारलं.

“हां ना. बारा वर्षं घातली तिला तिकडं. इंग्लिश लय येतं तिला. पण आतल्या आत येतं.”

मला राग यायला हवा होता. पण वाक्य इतकं बरोबर होतं की मी त्यावर खूण केली आणि पुढची प्रेक्षणीय स्थळं बघू लागले. खूण अर्थातच मनात केली. माझं बरंचसं आयुष्य तिथेच चालतं.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. फुलवाल्यांना सुट्टी नसते, कारण इतर सगळ्यांची सुट्टी हाच त्यांचा कामाचा दिवस. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आमच्या घरात कुणी नीट बसून जेवत नाही. भाऊबीज झाली की मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत आठ-दहा दिवस फुलाला फारसं कुणी विचारत नाही. आमच्या घराला कुठे जायचं असेल तर त्या आठ-दहा दिवसांत. आजवर त्या दिवसांत आम्ही वणीला गेलो, सायखेड्याला काकूच्या माहेरी गेलो आणि दोनदा शिर्डीला गेलो. यंदा नाना, म्हणजे माझे वडील, अचानक म्हणाले, “हैदराबादला जाऊ.”

नाना काही मागत नाहीत. त्यामुळे मतदान वगैरे झालं नाही. काका पाण्याला आणि गाईंना मागे राहायला तयार झाले. मम्मी म्हणाली, “जिथं बसायला मिळंल तिथं चला.” काकूला चारमिनारजवळच्या बांगड्या हव्या होत्या. आणि प्लॅन करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढते, आणि आमच्याकडे असा समज आहे की जिला घराचा नकाशा काढता येतो तिला गावाचाही काढता येतो.

मी काढला. तीन दिवसांचा तक्ता, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, किल्ल्याला तपकिरी रंग, जेवणाला पिवळा, विश्रांतीला निळा. निळे रकाने दोनच होते. चार प्रती छापल्या, प्रत्येकाला एक. “चारमिनार, वर चढणे: वीस मिनिटे. खाली उतरणे: दहा मिनिटे.” मम्मी त्यावेळी फक्त एवढंच म्हणाली, “आणि मधी कुणाला बाथरूम लागली तर?”

नाना तक्ता खूप वेळ वाचत होते. चष्मा काढला, परत घातला.

“छान केलं,” ते म्हणाले. “तेवढा फुलबाजार टाक यात कुठं तरी.”

हैदराबादचं खरं कारण हे होतं. बाजारात कुणीतरी त्यांना तिथल्या फुलबाजाराचा व्हिडिओ दाखवला होता. मोठमोठ्या छपरांखाली बाजार, फुलांचे डोंगर, आणि सगळे उंच ओट्यावर. आमच्याकडे नाना वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला जाळ्या मांडून उभे राहतात. त्यांना तो ओटा बघायचा होता. त्यांनी तीनदा हाताने उंची दाखवली. “एवढा हाय म्हणे. कंबरंएवढा. वाकायचं कामच नाय.”

आता इथे मला शाळेचं सांगावं लागेल. नाना सकाळी बाजारातून परत येताना मला टेम्पोतून शाळेत सोडायचे. मागे रिकाम्या जाळ्या, पुढे मी. चौथीत असताना माझ्या युनिफॉर्मला मागून पाकळ्या चिकटलेल्या होत्या आणि कुणीतरी मला झेंडू म्हणालं. ते नाव दहावीपर्यंत टिकलं. फुलाच्या मानाने पुष्कळच. तेव्हापासून मी गेटच्या आधीच्या वळणावर उतरायला लागले, आणि फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे ‘बिझनेस’ लिहायला लागले. नानांनी वळणावर का उतरतेस हे कधी विचारलं नाही. ते तिथे आपोआप टेम्पो हळू करायचे.

म्हणून मला ते तीन दिवस हवे होते. तीन दिवस आम्ही नुसते टुरिस्ट असणार होतो. किल्ला बघणारे, फोटो काढणारे, बॅगेला चाकं असणारे. त्यात पुन्हा ओल्या गोणपाटाचा वास आणि जाळ्यांमधून अंग चोरत चालणं मला नको होतं.

“नाना,” मी म्हणाले, “आपल्याला गुरुवारी सकाळीच वेळ आहे. आणि तो बाजार गुरुवारी बंद असतो.”

मी मोबाईलवर बघितलं होतं. बाजार रोज चालू असतो असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं.

“असं का,” नाना म्हणाले. “मग ऱ्हाऊ दे.” आणि त्यांनी तक्त्याची घडी घालून खिशात ठेवली. मोबाईलवर बघून मी सांगितलेलं त्यांना खोटं वाटत नाही. पावसाचं सांगते ते खोटं निघालं तरी ते पावसालाच दोष देतात.

बॅग भरताना मला त्यांच्या कपड्यांत कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि नवी टोपी दिसली. “हे कशाला?” असं मी मम्मीला विचारलं. “दुसऱ्याच्या बाजारात जायचं म्हणून काढलं होतं त्यांनी. बंद हाय म्हणलीस ना तू? ऱ्हाऊ दे आता, भरलंय.” ते तसंच राहिलं.

मंगळवार

हैदराबादला पोचेपर्यंतच्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की काकूने माझ्या तक्त्याच्या स्वतःच्या प्रतीत शेंगदाण्याची चटणी बांधली, त्यामुळे गाडी पोचायच्या आत बुधवार दुपारपर्यंतचं हैदराबाद तेलकट झालं.

हॉटेलच्या काउंटरवर बोलायचं वाक्य मी रेल्वेत पाठ केलं होतं. इंग्रजीत होतं, व्याकरण पक्कं होतं. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे बघितलं, मी तोंड उघडलं, आणि मोबाईल त्याच्यापुढे धरला. त्याने बुकिंग वाचलं आणि नानांना विचारलं, “चार लोगां?” नाना म्हणाले, “चार.” संपलं. माझं वाक्य अजून माझ्याकडे आहे, कुणाला हवं असल्यास.

तक्त्यात संध्याकाळी बिर्याणी होती. मंगळवार देवीचा म्हणून काकू आणि मम्मी शाकाहारी, नाना आणि मी नाही. वेटर भराभर बोलत होता. त्याने काहीतरी विचारलं, मी मान हलवली. अजून काही विचारलं, पुन्हा हलवली. ही माझी जुनी पद्धत आहे. अनोळखी माणसाने काही विचारलं की मी होकारार्थी मान हलवते, आणि नव्वद टक्के वेळा त्यातून निभावतं. उरलेल्या दहा टक्क्यांत त्या दिवशी टेबलावर चार ‘फॅमिली’ आल्या. म्हणजे प्रत्येकी एका कुटुंबाला पुरेल इतका भात.

काकू त्या पातेल्यांकडे बघत राहिली. “घोटीचा तांदळाचा बाजार उतरवला का गं टेबलावर?”

मी सगळा दोष मेनूकार्डाला दिला. नाना खात राहिले. सोबतचा मिरचीचा रस्सा वेटरने “तीखा है साब” म्हणून जरा दूर ठेवला होता. मम्मीने पिशवीतून डबी काढली आणि रश्श्यात वरून ठेचा घातला. उरलेला भात बांधून घेतला आणि बुधवारी न्याहारीलाही तोच खाल्ला. तक्त्यात न्याहारीला इराणी चहा आणि बिस्किटं होती. ती आम्ही भातानंतर घेतली. चहा इतका दाट होता की काकूला वाटलं दुधाचा भाव तिकडे कमी असणार.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मला सगळ्यात जास्त भीती काकूच्या हिंदीची वाटत होती. ती मराठी क्रियापदाला ‘है’ लावते आणि झालं हिंदी असं समजते. पण रिक्षावाल्याने पहिल्याच चौकात फळवाल्याला “नक्को” म्हटलं आणि काकू ताठ बसली. “अगं, हे तर आपल्यातलेच निघाले.” त्यानंतर तीन दिवस ती सगळ्या शहराशी बोलली. “ये कितने का देताय रे बाबा? हमको इतना नक्को.” आणि शहर तिला “हौ अम्मा” म्हणत होतं. सगळ्यात शिकलेली मी, आणि मला दुभाषी म्हणून काकू लागत होती.

बुधवार

गोवळकोंड्याच्या दरवाजात घुमट आहे. त्याच्याखाली टाळी वाजवली की ती वर, किल्ल्याच्या अगदी माथ्यावर ऐकू जाते. शत्रू आला की खालचे पहारेकरी अशी वर्दी द्यायचे, असं आमच्या गाईडने सांगितलं. त्याने एकेकाला उभं केलं. मी वाजवलेली टाळी मलाच नीट ऐकू आली नाही.

“बेटा,” गाईड म्हणाला, “ऐसे बजाते तो दुश्मन खाना खाके निकल जाता.”

मग काकू उभी राहिली. सोंगणीला आलेल्या बाजरीवरची पाखरं हाकलण्यात तिचं बालपण गेलंय. तिने एकच टाळी दिली. माझ्या शेजारच्या लहान मुलाच्या हातातलं कणीस खाली पडलं, आणि वर, खरोखर वर, कुणीतरी कठड्यावरून वाकून बघितलं. गाईडने तिला नमस्कार केला.

वर चढताना नाना मागे राहिले. आम्ही तक्त्याच्या सतरा मिनिटं मागे होतो, म्हणून मी त्यांना घ्यायला परत खाली उतरले. ते भिंतीतला एक मातीचा नळ बघत बसले होते. इतक्या उंचावर पाणी कसं चढवलं असेल, रहाट किती असतील, मधले हौद किती अंतरावर असतील.

“नाना, दरबार वर आहे,” मी म्हणाले.

“दरबार काय, पाणी नसतं तर राजा एक दिवस नसता ऱ्हायला इथं,” असं म्हणत ते उठले. मला त्यावेळी वाटलं, दोनशे कोसांवर येऊनही हे ठिबकच बघतायत. आता घरी बसून फोटो बघते तेव्हा दरबार कुठला ते मला ओळखू येत नाही. नळ मात्र ओळखू येतो.

चारमिनारवर आम्ही वीस मिनिटांत चढून दहा मिनिटांत उतरणार होतो. चढलोच नाही. काकू बांगड्यांच्या पहिल्या दुकानात बसली आणि दोन तासांनी उठली. मम्मीला मात्र तिथे तिला हवं ते सापडलं, म्हणजे एक स्टूल. त्यावर बसून ती बायका बघत होती.

“बघितलं का,” ती मला म्हणाली, “साध्या बुधवारी गजरे घातलेत बायकांनी.”

खरंच. कामाला निघालेल्या, भाजी घ्यायला आलेल्या, कॉलेजच्या मुली. जाई, अबोली, कुणाच्या वेणीत गुलाब. आमच्याकडे गजरा लग्नाला नाहीतर सत्यनारायणाला.

“आपण एवढं पिकवतो,” मम्मी म्हणाली, “पण माझ्या डोक्यात शेवटचं फूल कधी होतं ते आठवावं लागंल.”

नाना उभे होते. ते रस्ता बघत होते आणि मला माहीत होतं ते काय करत होते. ते गजरे मोजत होते.

“म्हणून त्यांचा बाजार मोठा,” ते म्हणाले. “रोजचं गिऱ्हाईक हाय ना.”

कोपऱ्यावर एक गजरेवाली बसली होती. नाना तिच्या टोपलीजवळ थांबले, एक गुलाब उचलून देठ बघितला, बोटाने पाकळी दाबली. “किदर से आता?” तिने बाजाराचं नाव सांगितलं, हाताने दिशाही दाखवली. पुढे ती काय बोलणार याचा मला अंदाज आला. मी नानांची बाही धरली आणि म्हणाले, “नाना, उशीर होतोय.”

कशाला उशीर होत होता ते तक्त्यातही नव्हतं.

गुरुवार

सकाळी नाना इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि नवी टोपी घालून तयार होते.

“आज कुठं लग्न?” काकूने विचारलं.

“आणलाय तर घालतो,” नाना म्हणाले. “तसाच परत न्यायचा का?”

माझ्या तक्त्यात सकाळी एक जुना राजवाडा, मग म्युझियम, मग संध्याकाळची मनमाडपर्यंतची गाडी होती. मनमाडला काका टेम्पो घेऊन येणार होते. राजवाड्याचं नाव मी सांगत नाही. काकूचा फोटो तिथल्या गेटवर लावलेला नसेलच याची खात्री नाही.

राजवाडा सुंदर होता. आत कमानी, हौद, झुंबरं, आणि पुढे मोठी आखीव बाग. मी कमानीचा असा फोटो घेत होते ज्यात एकही माणूस येणार नाही. त्यासाठी बराच वेळ थांबावं लागतं. मम्मी आणि काकूला मी बागेच्या कडेला सावलीत बसवलं होतं. ‘सावलीत’ एवढंच मी बघितलं. कशाच्या शेजारी ते बघितलं नाही.

शिट्टी वाजली. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा मी वळून बघितलं.

झेंडूचे वाफे होते. दोन, एक केशरी, एक पिवळा. फुलं जुनी झालेली, निम्मी झाडावरच वाळून तपकिरी झालेली. आता, ज्या माणसाने तीस वर्षं झेंडू खुडलाय त्याच्यापुढे वाळकं फूल झाडावर ठेवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजायचं नाही. वाळलेलं फूल राहिलं की झाड बी धरायला लागतं आणि नवी कळी देत नाही. काकूचा हात काकूला विचारून चालत नाही. तिने वाफ्याच्या या टोकाला सुरुवात केली होती, मम्मीने त्या टोकाला. दीड वाफा संपला होता. दोघींच्या पदरात वाळक्या फुलांचे ढीग होते आणि दोघी कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या.

“ए अम्मा! फूल कायकू तोड़रे?” गार्ड धावत आला. “बोर्ड नहीं दिखरा? फाइन लगता!”

काकू दचकून उठली. “अरे बाबा, ताजा नक्को तोड़ा! वाळलेला तोड़ा! ये देख!” तिने पदर पुढे केला.

“तोड़े तो तोड़े! ऑफिस को चलो!”

लोक जमले. मोबाईल वर झाले. नाना हौदाकडून घाईघाईने आले, पांढराशुभ्र शर्ट, नवी टोपी. “साहेब, साहेब, ऐको,” असं म्हणत त्यांनी हात जोडले. मग तिघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

“बोल की गं,” काकू म्हणाली. “इंग्लिशमधी सांग त्यांना. नीट सांग.”

मी दहा-बारा पावलांवर होते. सांगण्यासारखं सगळं माझ्याकडे होतं. संपूर्ण वाक्य इंग्रजीत तयार झालं, त्यात झाडाचं शास्त्रीय कारणही होतं. मी तोंड उघडलं. काकूचं म्हणणं अगदी खरं होतं. आतल्या आत येतं.

माझ्या शेजारी गॉगल लावलेली एक बाई उभी होती, हातात छान टोपी, पायात छान बूट. ती माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली की या लोकांना सिव्हिक सेन्स नाही, असल्या ठिकाणी यांना आत सोडतातच कशाला.

मी मान हलवली.

मी कितीही वेळा स्वतःला सांगितलं की ती सवय होती, वेटरपुढे हलते तशीच हलली, तरी ती हलली. आणि नाना माझ्याकडेच बघत होते. त्यांना इंग्रजी येत नाही. पण गॉगलवाल्या बाईचं बोट कुणाकडे होतं ते दिसत होतं, आणि माझी मान दिसत होती. त्यांनी नजर काढून घेतली. टेम्पो वळणावर हळू करायचे, तसं.

आम्हाला सोडवलं ते मी नाही. हिरवं जाकीट घातलेली एक मालीणबाई आली, हातात खुरपं. तिचं नाव यादम्मा. तिने आधी वाफा बघितला, मग काकूचा पदर बघितला, मग कमरेवर हात ठेवून हसायला लागली.

“मेरा काम करी इनो,” ती गार्डला म्हणाली. “चार दिन से छुट्टी पे थी मैं. जाओ जी तुम, जाओ.”

गार्डने शिट्टी पुसली आणि तो गेला. लोक पांगले. गॉगलवाली बाई तिथेच सावलीत थांबून मोबाईल बघू लागली. आणि यादम्मा सरळ वाफ्याशी बसली, काकू तिच्या शेजारी बसली, आणि दोघी उरलेला अर्धा वाफा खुडू लागल्या. यादम्माचा अंगठा आणि काकूचा अंगठा एकाच रंगाचा होता. झेंडूच्या चिकाने काळपट झालेला, नखाखाली हिरवा.

“फूलवाले क्या तुमलोगां?”

“हौ,” नाना म्हणाले. तीन दिवसांत तेही शिकले होते. “नाशिक. झेंडू, शेवंती.”

“तो फूल मार्केट देखे? इत्ता बड़ा है! मेरी बहन का धंदा है उदर.”

मी कमानीकडे बघू लागले.

“देखना था,” नाना म्हणाले. “लेकिन आज गुरुवार ना. बंद रहता.”

“बंद?” यादम्माचा हात थांबला. “किने बोले? रोज खुला रहता, सुबू से शाम तक. अब्बी फोन करी मेरी बहन. उदरिच बैठी है वो.”

काकूने माझ्याकडे बघितलं आणि मग वाफ्याकडे. मम्मीने पदरातली फुलं उगाच खालीवर केली. आता नाना विचारतील असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्यांनी विचारावं असंही वाटलं. विचारलं असतं तर मी मान हलवली असती आणि मिटलं असतं.

नाना टोपी काढून तिच्या कडेवरून बोट फिरवत होते. नव्या टोपीला झटकायला काही नव्हतं.

“मोबाईल में गलती रहता कभी कभी,” ते यादम्माला म्हणाले. “उसका क्या. पुढच्या टायमाला देखेंगे.”

त्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली, जराशी वाकडी. मी तक्ता उघडला. साडेबारा ते अडीच, म्युझियम, जांभळा रंग. गॉगलवाली बाई तीन पावलांवर होती. गार्ड गेटपाशी होता. दोन शाळांच्या सहली आत येत होत्या. बोलण्यासाठी त्याहून वाईट जागा मला निवडता आली नसती. आणि मी बोलले तेव्हा आवाज इतका मोठा निघाला की बाईने गॉगल वर केला आणि शाळेची पहिली रांग थांबली. इंग्रजीत नाही, हिंदीतही नाही, आमच्या मळ्यात बोलतो तसं.

“नाना, मोबाईलची चूक नाय. रोज चालू असतो असंच लिवलेलं होतं त्याच्यात, मीच तुम्हाला खोटं सांगितलं. टोपी सरळ करा, काकू उठ, मम्मी चल, म्युझियम ऱ्हाऊ दे. आपल्याला बाजारात जायचंय.”